नळी क्रमांक एकतीस

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एकतीस नंबरच्या नळीत अळी दिसली.

ती तिथे असायला नको होती. नळीत पाच माद्या होत्या, सख्ख्या बहिणी, वय चोवीस दिवस, आणि पाचही जणी वांझ म्हणून नोंदलेल्या. नोंद या नळ्या सांभाळणाऱ्या बाईच्याच अक्षरातली होती. तिनं नळी दिव्याकडे तिरपी धरली. वांझ माश्यांच्या नळीत तळाचं खाद्य शेवटपर्यंत इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं. ते का सपाट राहतं याचा विचार करायची गरज तिला कित्येक वर्षांत पडली नव्हती. आज ते एका कडेला उकरलेलं होतं, मऊ पडलेलं, आणि त्या कडेपासून काचेला चिकटून एक अळी वर सरकत होती. तांदळाच्या कणीएवढी, पुढच्या टोकाला काळा ठिपका. तिनं नळी खाली ठेवली, चष्मा पुसला, नळी परत उचलली. तेवढ्यात अळी काडीच्या टोकाएवढी वर गेली होती.

बाहेर कुठलाही ऋतू असला तरी माश्यांच्या खोलीत पंचवीस अंश असतात. यीस्टचा आणि काकवीचा आंबूस वास सुरुवातीची दोन वर्षं तिच्या केसांतून जात नसे. नंतर तो जातो की नाही हे तिला कळेनासं झालं, घरच्यांनीही सांगणं सोडून दिलं. सव्वीस वर्षं झाली. संस्थेत तिला माशीबाई म्हणतात, तोंडावरही म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. काम सांगायला गेलं तर सोपं आहे. फळांवर घोंगावतात त्या बारीक माश्या सांभाळायच्या, वायूच्या गादीवर गुंगवून कुंचल्यानं नर-माद्या वेगळ्या करायच्या, ठरलेल्या नराशी ठरलेली मादी लावायची, आणि पुढे काय होतं ते मोजायचं. मादी कोशातून बाहेर आल्यावर आठ तासांच्या आत उचलावी लागते, नाहीतर ती कुणाशी तरी लागून मोकळी होते. म्हणून सकाळी सातला एकदा आणि दुपारी तीनला एकदा खोलीत हजर राहायचं. एकदा बसमध्ये असताना नवऱ्याचा फोन आला, उशीर का होतोय म्हणून, तेव्हा ती सहज म्हणून गेली होती, "अरे, कुमारिका गोळा करत होते." पुढच्या बाकावरच्या दोन माना वळल्या होत्या. नवऱ्यानं, जो चष्म्यांच्या दुकानात भिंगं घासतो आणि दिवसभर शक्यतो बोलत नाही, ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगितली. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला त्यातलं काही कळलं नव्हतं, तरी ती बाबाच्या हसण्यावर हसली होती, आणि मग दोघांकडे बघून आणखी हसली होती.

एकतीस नंबरची नळी खरं तर दोन आठवड्यांपूर्वीच संपायला हवी होती. दहाव्या दिवशी माद्या तपासायच्या, अंडी नाहीत अशी खूण करायची आणि नळी शवागारावर उपडी करायची. शवागार म्हणजे स्पिरिटनं अर्धी भरलेली रुंद तोंडाची बाटली, नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. त्या दिवशी तिनं तीस नळ्या उपड्या केल्या. एकतिसावी बाटलीच्या तोंडावर धरली, बोळा काढला, आणि बुडावर टिचकी मारायची तर बोट हललं नाही. मग तिनं नवी नळी घेतली, ताज्या खाद्याची, आणि पाच बहिणी आणि त्यांच्याबरोबरचे तीन नर तिच्यात झटकले. बत्तीसपासून चाळीसपर्यंतच्या मात्र नेहमीप्रमाणे उपड्या केल्या. नोंदवहीत एकतीसपुढे लिहिलं: टाकल्या. त्यानंतर दर चार दिवसांनी खाद्य बदललं. कुणाला दिसू नये म्हणून नळी लपवली असं म्हणता येणार नाही. ती रिकाम्या रॅकमध्ये, खिडकीच्या बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी होती. सव्वीस वर्षं जिची नोंद कुणी तपासली नाही तिला काही लपवावं लागत नाही.

त्या माद्या वांझ का, हे तिला पहिल्याच वर्षी मॅडमनी सांगितलं होतं. मॅडम तेव्हा नुकत्याच विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि शिकवायची त्यांना हौस होती. प्रत्येक जिवाच्या आत, त्या म्हणाल्या, जनुकांच्या मधेमधे काही तुकडे असे असतात की त्यांना एका जागी बसवत नाही. इथून सुटतात, तिथे घुसतात, घुसताना जे मधे येईल ते तोडतात. हाताच्या पेशीत तोडलं तर हातापुरतं. बीजपेशीत तोडलं तर पुढचा सगळा वंशच कोलमडतो. म्हणून बीजपेशीला त्यांना गप्प बसवावंच लागतं. ते काम करतात चिठ्ठ्या, बारीक आरएनएच्या, जेमतेम पंचवीस-सव्वीस अक्षरांच्या. कातर चालवणारं एक प्रथिन चिठ्ठी हातात धरून फिरतं, चिठ्ठीवरची अक्षरं जुळली की कातरतं, आणि तुकडा जिथे बसलाय तिथे कुलूप घालतं. या चिठ्ठ्या आई अंड्यात ठेवून देते. पण आईला जो तुकडा ठाऊकच नाही, त्याची चिठ्ठी ती कुठून ठेवणार? आपल्या माद्या कितीतरी वर्षांपूर्वी पकडून आणलेल्या माश्यांच्या वंशातल्या, बाटलीतच वाढलेल्या. बाहेरच्या माश्यांत तो तुकडा नंतर पसरला. बाहेरचा नर लावला की तुकडा बापाकडून येतो, अंड्यात चिठ्ठी नसते, आणि मुलींचे बीजकोश सुकलेल्या मनुक्यासारखे होऊन बसतात. उलटं लावा, आई बाहेरची आणि बाप बाटलीतला: तुकडा तोच, मुली धडधाकट. तिनं तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे आई सांगून ठेवते?" मॅडम हसल्या होत्या. "सांगत नाही हो. तिला कुठे ठाऊक आहे मुलगी होणार ते. नुसतं ठेवते."

नुसतं ठेवते, हे तिला रात्रंदिवस पुरलं होतं तेव्हा. तिची आई ती अकरा वर्षांची असताना गेली. वडील वजनमापांचे निरीक्षक. दुकानादुकानांतून खोटी वजनं पकडत फिरायचे आणि संध्याकाळी तो सगळा राग लाकडी पेटीतल्या पितळी वजनांबरोबर घरी घेऊन यायचे. त्यांच्या घराण्यातच तो होता. आजोबांनी म्हणे रागाच्या भरात स्वतःच्याच घराची खिडकी फोडली होती, आणि मग गार वारा येतो म्हणून पुन्हा चिडले होते. वडिलांचा राग कुठून सुटेल आणि कुठे जाऊन बसेल सांगता येत नसे: दुकानदारावर असलेला बुटाच्या नाडीवर, नाडीवरचा तिच्या गणिताच्या वहीवर. आईकडे त्याच्यावर मोठं असं काही शस्त्र नव्हतं. ती कधी भांडली नाही, रडलीही नाही. तिच्याकडे बारीक बारीक शब्द होते. "असू दे." "बघू." "आधी हात धुवा." कढईच्या आवाजात ऐकूही येणार नाहीत असे, स्वयंपाकघरातून पाठमोरीच बोललेले, पण नेमक्या जागी बसायचे. वडील अर्ध्या वाक्यात थांबत. पेटी कोपऱ्यात ठेवत. हात धुवायला जात. ती गेल्यावर घर वर्षभर खणखणत राहिलं. अकरा वर्षांच्या मुलीनं "असू दे" म्हणून पाहिलं होतं, एकदाच. वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं तो शब्द परत उचलला नाही. पुढे मग तिनं मोजणं धरलं. पायऱ्या, खिडकीचे गज, वडिलांच्या दोन ओरडण्यांमधली सेकंदं. मोजत असताना आत काही हलत नाही, हे तिला फार लवकर कळलं, आणि नोकरीही तशीच मिळाली.

"काकू, चेहरा असा का? कुणी गेलं का?"

दारात थिसिसवाली उभी होती. हिला नाव आहे, पण चार वर्षं प्रबंध चाललाय म्हणून सगळे हेच म्हणतात, आणि ती स्वतःही फोन उचलताना कधीकधी म्हणते. नळ्या तिच्या, तक्ते तिचे. फक्त हात माशीबाईंचे.

"उलट," ती म्हणाली आणि नळी पुढे केली.

थिसिसवालीनं नळी डोळ्यांशी नेली. मग नंबर वाचला. मग नोंदवही ओढली, बोट खाली खाली नेलं आणि एकतीसपुढे थांबली.

"ह्या तर टाकल्यात."

"टाकल्या नाहीत."

"काकू, तुम्ही लिहिलंय."

"लिहिलंय. टाकल्या नाहीत."

थिसिसवाली स्टुलावर बसली. ती वाईट मुलगी नाही. तिनं आधी अळीकडे पाहिलं, मग चाळीस नळ्यांच्या तक्त्याकडे, आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते स्पष्ट दिसत होतं. या पाच जणींत भलतीकडची एखादी धडधाकट मादी घुसली असेल, तर निवडतानाच चूक झाली. मग ती एकाच नळीत कशावरून? मग चाळीसच्या चाळीस संशयात, आणि वर्ष पाण्यात. "हरकत नाही," ती म्हणाली, हरकत असलेल्या माणसाच्या आवाजात. "मी आईला सांगून ठेवलंय, प्रबंध आधी होतो की मी म्हातारी होते ते बघ म्हणून. ती म्हातारपणावर पैज लावून बसलीये."

माशीबाईला हसू आलं नाही. आईला सांगून ठेवलंय, एवढंच तिला ऐकू आलं. किती सहज म्हणाली ही. हिची आई रोज दुपारी फोन करते आणि ही तोंडात घास असतानाच उचलते.

तिची लेक एक वर्ष पाच महिने तिच्याशी बोललेली नाही. भांडण झालं असतं तर समजलं असतं. झालं एवढंच, की लेकीचा तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला आणि ही तिला भेटायला दवाखान्यात गेली. पांढरी खोली, खिडकीबाहेर वाहनतळ, टेबलावर अर्धा प्यायलेला पाण्याचा ग्लास. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा बाबा पायाशी बसून तिच्या चादरीची घडी पुन्हा पुन्हा सरळ करत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, हे तिला कळत होतं. जिभेवर कुठला तरी बारीक शब्द यायला हवा होता, नेमक्या जागी बसणारा, आणि तिनं आत हात घातला तर तिथे आकडेच होते. ती म्हणाली, "अगं, शंभरातले पंधरा तर जातातच." खोटं नव्हतं ते. धीर द्यायलाच म्हणाली होती, तुझा दोष नाही असंच तिला म्हणायचं होतं. लेकीनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर ओळखीचा वाटला असता. ती शांतपणे म्हणाली, "आई, मी नळी नाही." आणि मग, "बाबा, हिला घरी ने."

तेव्हापासून लेक बाबाला फोन करते. रोज संध्याकाळी सातला. तो गॅलरीत जातो, मागचं काचेचं दार ओढून घेतो, आणि तिला त्याची पाठ दिसते. तो डाव्या पायावर भार देऊन उभा राहिला तर बातमी बरी. कठड्याला टेकला तर बरी नाही. आत आल्यावर तो औषधाचे थेंब मोजावेत तसं सांगतो. "बरी आहे." "घर बदललं." "सर्दी झालीये." ती विचारत नाही, कारण विचारलं तर तो सांगेल आणि सांगितल्याचं लेकीला कळेल आणि मग कदाचित हेही बंद होईल. दोन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी तो आत आला, चष्मा काढून बनियनला पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊन आली." बाकी काही नाही. तिनं भांडी लावता लावता "बरं" म्हटलं. रात्रभर तिनं काही मोजलं नाही. मोजायला सुरुवात करायची आणि बोट मागे घ्यायचं, असं चाललं होतं. लेकीला दिवस गेले असतील तर किती, तिसरा महिना उलटला का, विचारायचं कुणाला. सकाळी ती कामावर गेली. तो दहावा दिवस होता. तीस नळ्या तिनं उपड्या केल्या.

साडेनऊला मॅडम आल्या. त्या आता निवृत्तीला आल्यात, गुडघे दुखतात, तरी सूक्ष्मदर्शकाशी बसल्या की वीस वर्षांनी लहान होतात. त्यांनी अळी पाहिली, पाच बहिणी गुंगवून एकेक करून पाहिल्या, नोंदवही पाहिली.

"'टाकल्या' लिहिलंय."

"मी लिहिलं."

"का?"

राहून गेलं, असं उत्तर तयार होतं. कुणी त्यावर शंका घेतली नसती. "टाकवल्या नाहीत," ती म्हणाली.

मॅडमनी भिंगावरून डोळा काढला आणि तिच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत बहुधा त्यांनी तिला पहिल्यांदाच एवढं निरखून पाहिलं असावं. "माशीबाई, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी आत्ता ओरडले असते."

"ओरडा की."

"तुमच्यावर ओरडायचं म्हणजे घड्याळावर ओरडण्यासारखं आहे." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "या वहीत आणखी किती खोट्या नोंदी आहेत?"

"हीच एक. म्हणजे, मला माहीत असलेली."

थिसिसवालीनं नाकातून आवाज काढला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते दोघींसाठी होतं, पण ऐकलं एकीनंच. दुसरीकडच्या लोकांनी हे पाहिलंय, त्या म्हणाल्या. आपण दहाव्या दिवशी टाकून देतो म्हणून आपल्याला कधी दिसलं नाही. अशा मुली तरुणपणी वांझ असतात, पण जगू दिल्या तर काहींचे बीजकोश सावरतात. आईनं ठेवलेली चिठ्ठी नसते ती नसतेच. पण बापाकडून जो तुकडा येतो, त्याची एखादी प्रत अशा जागी बसलेली असते की जिथे चिठ्ठ्या बनतात. शरीर हळूहळू तिथून वाचायला लागतं, स्वतःच लिहायला लागतं. तीन आठवडे लागतात. माशीच्या आयुष्यात तीन आठवडे म्हणजे पन्नाशी. "उशिरा," मॅडम म्हणाल्या, "पण जमतं. अर्थात ही तीच गोष्ट असेल तर. भलती मादी घुसली असेल तर मी हे सगळं उगाच बोलले."

वडील शेवटची चार वर्षं तिच्याकडे होते. तोवर ती चाळिशी ओलांडून गेली होती. एका सकाळी तिच्या हातून काचेचा जग निसटला, त्यांच्या खुर्चीच्या पायाशीच फुटला, पाणी त्यांच्या पायजम्यावर. तिनं मोजायला सुरुवात केली, एक, दोन. तीनला ते म्हणाले, "असू दे." खिडकीतून बाहेर बघत, तिच्याकडे न बघता, अगदी तोच शब्द, त्याच खालच्या पट्टीत. ते कुठून आलं त्यांच्याकडे? इतकी वर्षं त्यांनी तो शब्द आपल्या अंगावर झेलला होता. त्यांच्यातच कुठेतरी तो पडून राहिला असला पाहिजे. ती काचा वेचत बसून राहिली होती, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. तो शब्द तेव्हाच उचलून घ्यायला हवा होता, घरातल्या वस्तूसारखा, पदरात बांधून. तिनं काचा कागदात गुंडाळल्या आणि कचऱ्यात टाकल्या, आणि कामावर उशीर झाला म्हणून पळाली.

करायचं काय ते उघड होतं. दहा वाजता तिनं पाच नव्या नळ्या घेतल्या, प्रत्येकीत एक बहीण आणि एक नर. एकीनंच अंडी घातली तर ती उपरी असण्याची शक्यता मोठी. जास्त जणींनी घातली तर घोळ निवडण्यातला नाही, सावरण्यातला आहे. नळ्यांवर तिनं नंबर घातले: एकतीस-एक ते एकतीस-पाच. नोंदवहीत जुनी ओळ खोडली नाही. तिच्यासमोर आजची तारीख घातली आणि लिहिलं: वरील नोंद खोटी, माद्या ठेवल्या होत्या. सही केली. थिसिसवाली बाजूला उभी राहून वाचत होती. "काकू," ती हळूच म्हणाली, "चहा आणू?" दुपारी तीनला कुमारिका गोळा केल्या, नेहमीच्या. साडेपाचला पाचही नळ्या भिंगाखाली घेतल्या. एकतीस-दोनमध्ये चार अंडी. एकतीस-पाचमध्ये सात. बाकीच्या तिघींचं खाद्य सपाट.

"दोन," मॅडम म्हणाल्या. "एक असती तर चूक म्हटलं असतं, चार असत्या तर पार्टी दिली असती. दोनचं काय करायचं?"

"तिघींना अजून वेळ आहे," ती म्हणाली.

अंडी फुटतात का ते उद्या सकाळी कळणार होतं. तिनं नळ्या रॅकमध्ये लावल्या, या वेळी पुढच्या ओळीत, आणि खोलीचा दिवा घालवला.

घरी नवरा आधीच आलेला होता. चहा पिताना तिनं त्याला एकतीस नंबरची गोष्ट सांगितली. ती घरी कामाचं बोलत नाही, म्हणून तो कप हातात धरून ऐकत राहिला. टिचकी मारायला बोट हललं नाही, हेही तिनं सांगितलं. कुठल्या दिवशी, ते सांगितलं नाही. त्यानं मनात दिवस मोजले असावेत, कारण कप खाली ठेवताना त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाऊन आली.

"दोघींनी घातली म्हणतेस."

"दोघींनी."

"आणि फुटली तर?"

"उद्या कळेल."

"किती टक्के फुटतील?"

त्यानं हे थट्टेनं विचारलं की खरंच, ते तिला कळलं नाही. तो तसा साधा माणूस आहे. उत्तर तिला देता आलं असतं; माश्यांच्या अंड्यांचे सव्वीस वर्षांचे आकडे तिच्या बोटांवर आहेत.

"टक्के नाही काढले," ती म्हणाली. "अजून मोजायचंच नाहीये."

तो तिच्याकडे जाड भिंगांतून बघत राहिला. ती उठली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

सात वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला. तो गॅलरीत गेला. दार त्यानं ओढलं, पण लावलं नाही. चार बोटांची फट राहिली. हे मुद्दाम होतं की राहून गेलं, ते त्याच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं. तो कठड्याला टेकला नव्हता. डाव्या पायावरही नव्हता. दोन्ही पायांवर सरळ उभा होता. फटीतून रस्त्याचा आवाज आत येत होता, आणि त्यातून त्याचं "हं," "हं," आणि मग एक मोठी शांतता, ज्यात पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारत असावं. मग तो म्हणाला, "हो. इथंच आहे."

तिच्या हातात टॉवेलची दोन टोकं होती. सात वाजून बारा मिनिटांपर्यंत तो वळला नव्हता, आणि फोन चालू होता.